पायथन: नऊ महिने वापरल्यावर

मी तालुक्याच्या वाचनालयात लेखनिक आहे, शिक्षण बी.कॉम. क्लास लावला नाही. वाचनालय बंद झाल्यावर तिथल्याच संगणकावर बसून पायथन ही प्रोग्रामिंगची, म्हणजे संगणकाला सूचना लिहून द्यायची भाषा शिकले. एचटीएमएल (वेबपानं लिहिण्याची भाषा) जुजबी येतं, एसक्यूएल (नोंदींच्या साठ्यातून माहिती काढण्याची भाषा) सभासदांच्या नोंदींपुरतं.

पायथन मला आवडली ती एका ओळीमुळे. आमच्या जुन्या नोंदींत वर्गणीचे आकडे देवनागरीत आहेत. मजकुराची संख्या करणाऱ्या 'इंट' या आज्ञेला "३५०" दिलं आणि थेट बेरीज करता येईल अशी संख्या मिळाली. तेच जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतल्या तशाच 'नंबर'ला दिलं तर 'नॅन', म्हणजे ही संख्याच नाही! त्या दिवशी मला खरंच भरून आलं. चलाचं, म्हणजे किंमत साठवायच्या जागेचं, नावही मी 'वर्गणी' असं देवनागरीत ठेवते, चालतं.

मात्र व्हिडिओ बघून शिकणार असाल तर आवृत्ती तपासा. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) मजकूर हाच मूळ मजकूर मानणं २००८च्या पायथन ३पासून सुरू झालं. पायथन २चा आधार १ जानेवारी २०२०ला संपला, तरी जुने धडे अजून सापडतात. माझे पहिले दोन आठवडे त्यातच गेले.

सगळ्यात जास्त त्रास समासाने, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडायच्या मोकळ्या जागेने दिला. विलंब शुल्काच्या बेरजेची ओळ चुकून लूपच्या (प्रत्येक सभासदासाठी तीच कृती पुन्हा करणाऱ्या भागाच्या) बाहेर सरकली आणि एकूण रकमेत फक्त शेवटच्या सभासदाचे पैसे धरले गेले. चूक दाखवणारा एकही संदेश नाही. हाताने लिहिलेल्या वहीशी ताळा केला तेव्हा कळलं. तेव्हापासून प्रत्येक बेरीज आधी चार नावांवर चालवून बघते.

दुसरी अडचण अकारविल्हेची. 'सॉर्टेड' काळे, कावरे, कासार असा क्रम लावतं, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर, व च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर, म्हणजे काळे शेवटी हवेत. मी आपली वर्णमाला एका ओळीत लिहून 'की'मधून (क्रम कशावरून लावायचा ते 'सॉर्टेड'ला इथे सांगतात) तिचा क्रम दिला. दहा ओळींचं काम, पण यादी छापून भिंतीवर लावली तेव्हा ज्येष्ठ सभासदांना नाव शोधावं लागलं नाही.

आता रस्ट ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा शिकायची आहे. परवा सहज "पुणे"ची लांबी विचारली. पायथनने चिन्हं मोजून ४ सांगितली (प, ु, ण, े), रस्टने १२. रस्टची लांबी सांगणारी 'लेन' बाइट, म्हणजे साठवणीची लहान एककं, मोजते आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आपण मोजली तर अक्षरं दोनच, पु आणि णे. ती दोन कशी मोजायची, ते सध्या शोधतेय.