फॅन बंद पडला, ‘बोर्ड जळाला’ म्हणून ९,००० घेतले, आणि आमची एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) चोरीला गेली

कॉम्प्युटर दुरुस्तीला देणार असाल तर आधी हे वाचा. विशेषतः ज्यांच्या घरचं काम त्या मशीनवर चालतं त्यांनी.

आम्ही जळगावला राहतो. माझी बायको घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, कुणाचं आत्मचरित्र, दिवाळी अंकाची पानं असं काहीना काही सुरू असतं. मे महिन्यात इथलं तापमान ४३-४४ अंशांवर जातं, आणि जवळच जिनिंग असल्याने कापसाचे तंतू घरात येतात ते वेगळंच. कॅबिनेटच्या मागचा फॅन काही दिवस करकर आवाज करत होता. एका दुपारी तो आवाज थांबला आणि काही मिनिटांतच कॉम्प्युटर खट्कन बंद झाला. त्यानंतर बटण दाबलं की सगळे फॅन किंचित हलायचे आणि लगेच थांबायचे. स्क्रीनवर काही नाही, बीप नाही.

हे लक्षण नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी फसवणूक याच लक्षणाचा चुकीचा अर्थ सांगून झाली.

बाजारातल्या एका दुकानात मशीन नेलं. दुकानदाराने झाकण काढलं, आत नाक घालून वास घेतला आणि म्हणाला, “भाऊ, फॅन बंद पडले ना, प्रोसेसर भाजला असणार. बोर्ड तर गेलाच समजा.” बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर मशीनचे सगळे भाग जोडलेले असतात. आम्हाला अहवाल छापखान्यात द्यायचा होता, तारीख तोंडावर होती, आणि हे आम्ही त्याला सांगितलं होतं. मशीन ठेवून घेतलं. मग फोन आला: प्रोसेसर नशिबाने वाचला, बोर्ड बदलला, त्याचे ७,५००, विंडोज करप्ट झालं होतं म्हणून नव्याने टाकलं, सर्व्हिसिंगसह १,५००. एकूण ९,०००. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून त्यावर आकडे लिहून दिले. “पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी लागेल, वहिनींना कशाला भुर्दंड.” जुना बोर्ड मागितला तर म्हणाला, तो कंपनीला परत गेला. पैसे यूपीआयने दिले, ते एक बरं झालं.

घरी मशीन सुरू झालं, पण कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी फाइल उघडली की अडकायला लागलं. पूर्वी असं कधी होत नव्हतं. बायकोने टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर रॅम ८ जीबी. आमची १६ होती, ८ च्या दोन पट्ट्या. तिथेच ‘स्लॉट वापरात: २ पैकी १’ असंही स्वच्छ दिसत होतं.

माझा भाचा पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये काम करतो, त्याला बोलावलं. त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. एसएसडी किती तास चालली आहे ते त्यात दिसतं. आकडा २१,००० तासांच्या वर होता. आमची एसएसडी गेल्या दिवाळीला घेतलेली, खोका आणि बिल कपाटात. रात्रंदिवस बंद न करता चालवली असती तरी २१,००० तास व्हायला दोन वर्षांच्या वर लागतात. मॉडेल नंबरही खोक्यावरच्या नंबरशी जुळत नव्हता. म्हणजे आमची चांगली एसएसडी काढून कुठल्यातरी ऑफिसातली घासलेली बसवली होती, आणि ते झाकायला ‘विंडोज नव्याने टाकलं’ ही गोष्ट होती.

मग त्याने कॅबिनेट उघडलं. “मामा, बोर्ड तर तुमचाच आहे,” तो म्हणाला. बोर्डावरच्या स्टिकरचा सिरियल नंबर आमच्या जुन्या खोक्यावरच्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळला. ७,५०० रुपये ज्याचे घेतले तो नवा बोर्ड अस्तित्वातच नव्हता.

मग दुरुस्ती काय केली होती? मागच्या फॅनची वायर कटरने तोडून टोकाला चिकटपट्टी गुंडाळली होती. एवढंच. तो फॅन मोलेक्स कनेक्टरने थेट एसएमपीएसला, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, जोडलेला होता. भाच्याने लॅबमधला जुना एसएमपीएस आणून त्याला हा फॅन जोडून दाखवला: एसएमपीएस सुरू होताच बंद. फॅन काढला, व्यवस्थित चालू. पुन्हा जोडला, पुन्हा बंद. फॅन अडकून त्याची मोटर आतून शॉर्ट झाली होती. १२ व्होल्टच्या लाइनवर शॉर्ट दिसला की एसएमपीएस स्वतःला आणि मशीनला वाचवण्यासाठी सगळाच पुरवठा तोडतो. फॅन किंचित हलून थांबायचे ते म्हणूनच. तसा फॅन बाजारात तीन-चारशे रुपयांना मिळतो.

आणि ‘प्रोसेसर भाजला’ म्हणून घाबरवतात त्याबद्दलही ऐका. अलीकडचे प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, तरीही तापले तर मशीन बंद करतात. प्रोसेसरवरचाच फॅन बंद असेल तर बरेचसे बोर्ड सुरू होतानाच ‘सीपीयू फॅन एरर’ दाखवून थांबतात. फॅन थांबला म्हणून बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही गेले असं वास घेऊन कुणीही सांगू शकत नाही. दुरुस्तीवाल्याला सांगा, तुमच्या समोर आधी कॅबिनेटचे सगळे जादा फॅन, डीव्हीडी ड्राइव्ह, जादा हार्ड डिस्क काढून मशीन सुरू करून बघायला. मग दुसऱ्या एसएमपीएसवर बघायला. हे झाल्याशिवाय बोर्डाचं नावही काढू देऊ नका. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

खोके, सिरियल नंबरचे फोटो आणि यूपीआयची नोंद घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने आधी आवाज चढवला. मग फोटो पाहून रॅमची पट्टी ड्रॉवरमधून निघाली, “मुलाच्या हातून राहिली असेल” म्हणून. एसएसडीबद्दल तो आजपर्यंत म्हणतो, तुमची हीच होती.

पैशांचं दुःख आहेच, पण आम्हाला झोप लागत नाही ती त्या एसएसडीमुळे. त्यात लोकांच्या पत्रिकांसाठी दिलेले घरगुती फोटो होते, पतसंस्थेची सभासद यादी होती, काहींनी छपाईसाठी पाठवलेली आधार कार्डंही होती. लोकांनी ते विश्वासाने माझ्या बायकोकडे दिलं होतं. आता ती एसएसडी कुणाच्या मशीनमध्ये आहे, फॉरमॅट केली की नाही, केली तर नीट पुसली की नाही, काहीच कळायला मार्ग नाही. बायकोने एकेका ग्राहकाला फोन करून सांगितलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्यायला सांगितलं, सगळे पासवर्ड बदलले. त्यातल्या दोघांनी काम काढून घेतलं. त्यांना दोष देता येत नाही.

माझं स्पष्ट मत आहे: रॅम चोरणाऱ्यापेक्षा डिस्क चोरणारा कितीतरी मोठा गुन्हेगार आहे, आणि आपल्याकडे लोक याकडे अजून गांभीर्याने बघत नाहीत. शक्य असेल तर डिस्क घरीच काढून ठेवा आणि मगच मशीन द्या. बोर्ड, एसएमपीएस, फॅन तपासायला तिची गरजच नसते. देण्याआधी झाकण उघडून रॅम, डिस्क, बोर्ड यांच्या स्टिकरचे फोटो काढा आणि पावतीवर ते नंबर लिहून घ्या. प्रामाणिक माणूस याला हरकत घेत नाही. नंतर ज्यांच्याकडून आम्ही नवा फॅन बसवला त्यांनी स्वतःहूनच नंबर लिहून दिले.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आम्ही तक्रार नोंदवली आणि ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगातही दाखल केली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असंही नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र तक्रार करावी लागते. कुणाला ‘बोर्ड बदलला’ सांगून जुना बोर्ड न देता पैसे घेतले असतील, तर आजच कॅबिनेट उघडून खोक्यावरचा नंबर जुळवून बघा. मुदत अजून शिल्लक असू शकते.