लेड-ॲसिड की लिथियम: बॅटरी रोज राबणार आहे का, ते आधी ठरवा

सोलर लावायचं म्हटलं की पॅनेलवर फारसं कुणी भांडत नाही, सगळा घोळ बॅटरीवर येऊन अडतो. एक जण म्हणतो ट्युब्युलर (लेड-ॲसिडचाच एक टिकाऊ प्रकार) घ्या, वर्षानुवर्षं चालते, दुसरा म्हणतो लिथियमशिवाय बघूच नका. दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण लाइट गेल्यावर दोन-तीन तास पंखे आणि दिवे चालावेत म्हणून बॅटरी घेणं वेगळं आणि दिवसाचं ऊन साठवून त्यावर रोज रात्र काढणं वेगळं. पहिल्या कामात बॅटरी बहुतेक वेळ फुल चार्ज होऊन नुसती उभी असते, दुसऱ्यात ती रोज रिकामी होते आणि रोज भरते, म्हणजे वर्षाला ३६५ सायकल. माझं सगळं मत या एका फरकावरच बेतलेलं आहे.

आधी आकड्यांचं बघू, कारण लेबलवरचा आकडा बघूनच माणूस फसतो. १२ व्होल्ट १५० एएचची (ॲम्पिअर-अवर, याला व्होल्टने गुणलं की साठणारी वीज वॉट-अवरमध्ये कळते) लेड-ॲसिड म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर, पण ती टिकवायची असेल तर अर्ध्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हातात साधारण ९०० राहतात, आणि लोड जास्त टाकला की त्याहून कमी मिळतात. लिथियमची १२.८ व्होल्ट १०० एएच म्हणजे १२८० वॉट-अवर, त्यातले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात, म्हणजे हजाराच्या वर. तर १०० एएचवाली १५० एएचवालीपेक्षा जास्त देते, आणि वजन दहा-बारा किलो, तर ट्युब्युलर पन्नास किलोच्या आसपास जाते.

आता सोलरचा मुद्दा, माझ्या मते निवड खरी इथेच होते. लेड-ॲसिडला पूर्ण चार्ज झाल्याशिवाय बरं वाटत नाही, आणि शेवटचे वीसेक टक्के ती फार हळू घेते, तोपर्यंत ऊन उतरलेलं असतं. आठवडाभर ढगाळ राहिलं की ती रोज अर्धवटच भरते, मग प्लेट्सवर लेड सल्फेटचे खडे धरतात आणि कपॅसिटी जी जाते ती परत येत नाही. लिथियमला, म्हणजे एलएफपीला (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियमचा एक प्रकार), अर्धवट चार्जचं काही वाटत नाही, उलट सतत १०० टक्क्यांवर ठेवण्यापेक्षा ते बरंच. शिवाय लेड-ॲसिडमध्ये १०० युनिट टाकले तर साधारण ७५-८० परत मिळतात, लिथियममध्ये नव्वदच्या वर, म्हणजे लेड-ॲसिडवर तेवढीच रात्र काढायची तर पॅनेलही जास्त लागणार, हे हिशोबात कुणी धरत नाही!

आयुष्याचंही तसंच. चांगली ट्युब्युलर रोज खोल उतरवली तर हजार-दीड हजार सायकल, म्हणजे तीन-चार वर्षं. एलएफपी ३००० ते ६००० सायकल, म्हणजे आठ वर्षं तरी धरायला हरकत नाही. पण महिन्यातून दोनदाच लाइट जात असेल तर हा फायदा तुमच्या हातात येतच नाही, तिथे ट्युब्युलर घेऊन पैसे वाचवा, मी स्पष्टच सांगेन.

ट्युब्युलरला देखभाल मात्र लागते. पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट खाली गेला की डिस्टिल्ड वॉटर घालायचं, नळाचं अजिबात नाही, टर्मिनलवर पांढरट-हिरवा गंज धरला की पुसून पेट्रोलियम जेली लावायची. चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून बंद कपाटात ठेवू नका. आणि उष्णता! २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य जवळपास निम्मं होतं, त्यामुळे तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी लवकर गेली तर कंपनीला दोष देऊ नका.

लिथियम घेताना नुसतं लिथियम लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, एलएफपी आहे ना ते विचारा, घरात ठेवायला तीच जास्त सुरक्षित, इतर प्रकारांपेक्षा पेट घेण्याची शक्यता कमी. जुन्या इन्व्हर्टरला लिथियम मोड नसेल तर तसाच जोडू नका, लेड-ॲसिडसाठीचं इक्वलायझेशन चार्जिंग (मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेलं चार्जिंग) तिला चालत नाही. फ्रिज किंवा मोटर सुरू होताना करंट एकदम उसळतो, तेवढा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण करणारं सर्किट) सोडतो का ते आधी बघा, नाहीतर ऐन वेळी तो कट मारतो. आणि शून्य अंशांच्या खाली ती चार्ज करायची नाही, थंड भागात राहणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा.

पर्यावरणाचं म्हणाल तर इथे लेड-ॲसिड एका बाबतीत पुढे आहे, तिच्यातलं शिसं जवळपास सगळं परत वापरता येतं. पण ते नीट कारखान्यात केलं तरच, उघड्यावर बॅटरी फोडून वितळवलं तर ते शिसं आसपासच्या लहान मुलांच्या रक्तात जातं, त्यामुळे जुनी बॅटरी कुणालाही देऊन टाकू नका, अधिकृत ठिकाणीच द्या. एलएफपीत शिसंही नाही आणि कोबाल्टही नाही, पण तिचं रिसायकलिंग अजून तेवढं रुळलेलं नाही. जनरेटरचा विचार फक्त दिवसच्या दिवस लाइट नसेल तिथे करा, बाकी धूर आणि आवाज कशाला.

मोठ्या ग्रिडवरही रोजच्या कामाला लिथियमच आलंय, कारण सोलरची वीज दुपारी जास्त असते आणि मागणी संध्याकाळी वाढते.

एक गोष्ट मात्र पैसे देण्याआधी नक्की विचारा: साधा ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला बिनबॅटरीचा सोलर इन्व्हर्टर लाइट गेली की सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडतो, लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून, त्यामुळे डोक्यावर कडक ऊन असूनही घरात अंधार. लाइनही हवी आणि बॅकअपही, तर हायब्रिड, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा इन्व्हर्टर लागतो. आणि वॉरंटी नुसती वर्षांत ऐकू नका, किती सायकल आणि किती टक्के डिस्चार्जला, ते बिलावर लिहून घ्या.