नऊ महिने ई-इंकवर: कादंबरीला झकास, दिवाळी अंकाला नाही

मागच्या दिवाळीच्या बोनसमधून सहा इंची ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारख्या पडद्याचं फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या कुरकुरी थोड्याफार फरकाने सगळ्याच रीडरना लागू आहेत. त्याआधी फोनवर आणि घरातल्या दहा इंची टॅबवर वाचायचो.

डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर भर उन्हात वाचता येतं, यावरच मी अर्धा खूश आहे. तिथे फोनचा उजेड कितीही वाढवला तरी स्वतःचाच चेहरा दिसतो. ई-इंकच्या पडद्यामागे दिवाच नसतो. बारीक कुप्यांमधले काळे-पांढरे कण विजेने वर-खाली सरकतात आणि पान बाहेरच्या उजेडात दिसतं, छापील कागदासारखं. रात्रीसाठी दिवा आहे, पण तो कडेने पानावर पडतो. वीज मुख्यतः पान बदलताना लागते, त्यामुळे रोज तासभर वाचून माझं चार्जिंग तीन आठवडे जातं.

डोळ्यांना फार आराम पडला असं मात्र म्हणणार नाही. माझे डोळे दिवसभर ऑफिसच्या स्क्रीनवरच फुटतात. फरक पडला तो दुसरीकडे. फोनवर चार पानं झाली की सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचं भांडण सुरू, आणि मी पुस्तक सोडून तिकडे. रीडरवर भांडायला कुणी येत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये मात्र अजूनही फोनच. एका हाताने दांडी धरून दुसऱ्याने पान उलटणं फोनवरच सोपं.

आता मराठीचं. विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातून उतरवलेली ईपब पुस्तकं (ईपब म्हणजे पडद्याप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी फाइल) सुरेख दिसतात, जोडाक्षरं नीट, अक्षर हवं तेवढं मोठं. पण मराठीत फुकट मिळणारं बरंचसं पीडीएफ असतं, आणि तिथे घोडं अडतं. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटोच. सहा इंचात अक्षर मुंगीएवढं. आडवं धरून एका पानाचे तीन तुकडे करून वाचतो, पण समासातली टीप शोधता शोधता मूळ वाक्य विसरायला होतं. काही पीडीएफ जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेल्या असतात, म्हणजे आत रोमन अक्षरं आणि वर देवनागरीचा मुखवटा. त्यातली एक मी हौसेने कॅलिबर या ई-पुस्तकं रूपांतरित करायच्या सॉफ्टवेअरमधून ईपब केली, तर पहिल्या ओळीपासून रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला! दोष कॅलिबरचा नाही, फाइलच्या पोटात देवनागरी नव्हतीच. काही मराठी ई-पुस्तकं तर विक्रेत्याच्या स्वतःच्या ॲपमध्येच उघडतात, म्हणजे पुन्हा फोन नाहीतर टॅब.

दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. दोन रकाने, रंगीत चित्रं, व्यंगचित्रांत बारीक अक्षर. रीडरवर सगळं राखाडी, आणि पान उलटल्यावर आधीच्या चित्राची पुसट सावली मागे राहते. अंक टॅबवरच वाचले. झोपून वाचताना तो नाकावर पडला तर चांगलाच लागतो, रीडर जेमतेम २०० ग्रॅमचा.

हे हलकेपण आईला फार भावलंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिने अक्षर इतकं मोठं केलंय की ओळीत तीनच शब्द बसतात आणि सारखं पान उलटावं लागतं. तिची तक्रार नाही. तक्रार माझी आहे: रविवारी जेवणं झाली की रीडर तिच्याकडे जातो, आणि परत येतो तेव्हा माझी खूण हरवलेली असते.