पाच कप्प्यांचा स्टीलचा डबा : घरातल्या येता-जाता खाण्यासाठी

सांगलीत गणपती मंदिराच्या परिसरातील बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानांतून शाळेच्या डब्यांच्या फळीवर हा डबा पाहायला मिळतो. तो आयताकृती आणि पाच कप्प्यांचा आहे, दोन्ही बाजूंना क्लिपा आहेत आणि झाकणाच्या आतून सिलिकॉनची रिंग बसवलेली आहे. मला तो साधारण साडेसहाशे रुपयांना मिळाला. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी बनवलेली ही वस्तू मी घरातच वापरण्यासाठी घेतली आणि एकाऐवजी दोन घेतल्या : एक डबा चार वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा या दोघांत मिळून, दुसरा माझ्यासाठी. लहान मुलांबरोबर दिवसभर घरी असताना मुलांचे आणि आईचेही तोंड सतत चालू राहते, या तक्रारीवर मला सापडलेला हा सर्वांत उपयोगी उपाय आहे, म्हणून त्याचे गुणदोष सविस्तर लिहीत आहे.

आमच्या भागात घरात खाऊची वाण कधीच नसते. भडंगाचा डबा भरलेला असतो, तासगावकडचे बेदाणे वर्षभर पुरतील इतके येतात, शिवाय बेकरीतली खारी आणि टोस्ट असतातच. मुले थोड्या थोड्या वेळाने काहीतरी मागतात. त्यामागे कधी भूक असते, कधी तहान, कधी नुसता कंटाळा, आणि एवढ्या लहान वयात त्यांना यातला फरक सांगता येत नाही. आई पुडा उघडते, एक बिस्किट त्यांना देते, एक स्वतःच्या तोंडात टाकते आणि मुलाने अर्धे टाकलेले केळे वाया जाऊ नये म्हणून तेही संपवते. दुपारी पाने वाढली की मुलांना भूक नसते, आईलाही नसते. चार वाजता मात्र सगळ्यांनाच कडकडून भूक लागते.

या डब्यामुळे फरक पडला तो काय आणि किती द्यायचे हा निर्णय सकाळी एकदाच होऊन जातो म्हणून. न्याहारी आटोपली की मी दोन्ही डबे भरते. मुलांचा डबा साडेदहाला आणि चारला, असा दोनदाच उघडतो, तोही चटईवर बसूनच. मधल्या वेळात पाणी हवे तेवढे मिळते. मधले खाणे अजिबात बंद करावे असे माझे म्हणणे नाही. लहान मुलाचे पोट लहान असते आणि त्याला दोन-तीन तासांनी खायला लागतेच. जागतिक आरोग्य संघटनाही एक ते दोन वर्षांच्या बाळांना दिवसातून तीन-चार जेवणांखेरीज गरजेनुसार एक-दोन वेळा पौष्टिक मधले खाणे द्यावे असे सुचवते. खाण्याला वेळ आणि जागा ठरवून देणे एवढेच करायचे असते. दातांच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ल्यावर तोंडातील जिवाणू आम्ल तयार करतात आणि लाळेमुळे त्याचा परिणाम ओसरायला साधारण अर्धा तास जातो. थोड्या थोड्या वेळाने एकेक बेदाणा तोंडात टाकणाऱ्या मुलाच्या दातांना ही उसंत मिळतच नाही. तेवढेच बेदाणे एका बैठकीत खाल्ले, तर दातांना होणारा अपाय कमी राहतो.

माझी मुलगी आता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून घड्याळाचा लहान काटा चारवर आला का ते पाहते आणि आला की भावाला हाक मारते. मधल्या वेळेत कुणी मागितलेच, तर “डबा चार वाजता उघडायचा आहे” एवढे सांगणे पुरते, कारण डबा समोरच्या फळीवर दिसत असतो आणि त्यात आपला खाऊ आहे याची मुलांना खात्री असते. “आता नाही” या शब्दांवर जेवढी रडारड होत असे, तेवढी यावर होत नाही.

दुसरा डबा, म्हणजे आईचा, हा मला या खरेदीतला अधिक मोलाचा भाग वाटतो. भडंग मोठ्या डब्यातून मुठीने खाताना पोटात किती गेले ते कळत नाही; तेच सर्वांत लहान कप्प्यात काढून ठेवले, की ते डोळ्यांसमोर राहते आणि संपले की संपले. उरलेल्या कप्प्यांत मी उकडलेले अंडे किंवा मटकीची कोरडी उसळ, काकडी, फुटाणे आणि थोडे बेदाणे ठेवते. रात्रीची झोप मोडलेली असली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि ओढ गोडाकडेच लागते. अशा दिवशी डब्यात प्रथिने असणे फार उपयोगी पडते. मुलांनी अर्धवट टाकलेला कोरडा खाऊ त्यांच्याच कप्प्यात झाकून राहतो आणि चार वाजता पुन्हा त्यांच्यासमोर येतो, त्यामुळे तो संपवण्याची जबाबदारी माझ्यावर येत नाही.

सासूबाईंना सुरुवातीला हे पटले नव्हते. नातवाने हात पुढे करावा आणि आजीने काहीच देऊ नये, याचे त्यांना वाईट वाटत होते. “अगं, एवढंसं दिलं तर काय होतंय?” असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी एक कप्पा त्यांच्या नावाने ठेवला : “आई, हा कप्पा तुमचा. त्यात काय घालायचं ते तुम्ही ठरवा आणि चार वाजता तुमच्याच हातानं द्या.” आता राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाण्याच्या कुटाचा छोटा लाडू त्या स्वतः करून त्यात ठेवतात. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, तिथे ही सोय केल्याशिवाय डब्याचा नियम टिकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दोषांकडे वळते. कप्प्यांच्या भिंती झाकणाला पूर्णपणे भिडत नाहीत. डबा थोडा जरी कलला, तरी द्राक्षांचा रस शेजारच्या चुरमुऱ्यांत उतरतो आणि चुरमुरे मऊ पडतात. डबा शाळेत पाठवायचा असेल, तर हा दोष मोठा आहे. घरात फळीवर आडवा राहणार असेल, तर चालून जाते. रिंगेच्या खाचेत मसाला अडकतो, म्हणून ती दर वेळी काढून धुवावी लागते आणि ती पुन्हा बसवताना बोटांची चांगलीच परीक्षा होते. क्लिपा घट्ट आहेत. माझ्या मुलाला त्या उघडता येत नाहीत, हे माझ्या पथ्यावर पडले आहे. स्टीलबद्दल मात्र तक्रार नाही. लिंबू-मीठ लावलेली काकडी रोज ठेवूनही कुठे डाग पडलेला नाही.

दोन गोष्टींची काळजी घ्यावीच लागते. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे घशात अडकण्याचा धोका असतो, त्यामुळे भडंग आणि फुटाणे माझ्याच डब्यात राहतात, आणि द्राक्षे मुलांना देताना उभी चिरून त्यांचे चार तुकडे करते. शिवाय हा डबा काही शीतपेटी नाही. हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर गेले, की चिरलेले फळ, अंडे किंवा दही तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, आणि सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा बहुतेक दिवशी त्याच्या वरच असतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी फक्त कोरडा खाऊ भरून ठेवावा आणि ओले पदार्थ उघडण्याच्या वेळी घालावेत, नाहीतर सबंध डबाच फ्रिजमध्ये ठेवावा. मग फळीवर समोर दिसण्याचा फायदा मिळत नाही, पण त्याला इलाज नाही.

घेताना डब्याच्या तळावर ३०४ हा आकडा कोरलेला आहे का ते पाहावे. त्या प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि ते सहसा गंजत नाही. त्याच्या सपाट भागाला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. दाबून आकार दिलेल्या कोपऱ्यांना किंचित चिकटले, तर घाबरण्याचे कारण नाही. दुकानदाराला सांगून डब्यात थोडे पाणी घालावे, क्लिपा लावून तो उलटा करून पाहावा आणि सुटी रिंग मिळते का तेही तिथेच विचारून घ्यावे.