‘यमुनापर्यटन’: नववी-दहावीच्या पोट्ट्यांना झेपेल का?
बाबा पदमनजींची १८५७ सालची ही ख्रिस्ती कादंबरी बरेच जण मराठीतली पहिली मानतात. गावच्या वाचनालयातून पोट्ट्यांच्या हाती द्यायची तर आधी जुने अनुस्वार समजावून सांगा. ‘केलें’, ‘घरांत’ यातलं टिंब नाकात ओढायचं नाही. सरळ ‘केलं’, ‘घरात’ वाचायचं. नाही तर पहिल्याच पानावर गाडी अडते.

यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासात विधवांचे हाल पाहतात. केशवपनाचं वाचताना आजही पोटात कालवतं. खरी कादंबरी तिथंच आहे. विनायकाचा उपदेश सुरू झाला की कथा थांबते (सप्त्यातलं कीर्तनही एवढं लांबत नाही). ते भाग दोघांत वाटून मोठ्यानं वाचावेत. यमुनेचा कल सुरुवातीपासून ख्रिस्ताकडेच, त्यामुळे तिच्या मनातली ओढाताण फारशी दिसत नाही. चौदाच्या आतल्यांना नको.