२०२४ चं प्लेयर्स हँडबुक: ड्वॉर्फ घेणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमचं नवीन प्लेयर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक) ३८४ पानांचं आहे, पण मी कायम ड्वॉर्फच (डोंगरात राहणारी बुटकी, दणकट जमात) खेळते त्यामुळे आधी तेच पान उघडलं आणि बघते तर कुऱ्हाड गायब! २०१४ च्या पुस्तकात ड्वॉर्फ म्हटलं की बॅटलअ‍ॅक्स, हँडअ‍ॅक्स, लाइट हॅमर, वॉरहॅमर अशा कुऱ्हाडी-हातोडे चालवता यायचेच, अगदी विझार्ड (जादूगार) असला तरी. आता ते सगळं काढलंय.

मला हे पटलं. मुळात ही कुऱ्हाड त्यांच्याकडे आली कुठून ते बघा ना. नॉर्स पुराणकथांमधले ड्वॉर्फ म्हणजे कसलेले लोहार, थॉरचा हातोडा त्यांनी घडवला, ओडिनचा भाला त्यांनी घडवला, पण त्यांची ओळख कुऱ्हाडवाले अशी कुठेच नाही. टॉल्किनच्या १९३७ च्या हॉबिटमध्ये सुद्धा डाइन या ड्वॉर्फ सरदाराचे ड्वॉर्फ लढाईला येतात ते दोन हाती कुदळी घेऊन, आणि खरं सांगू, डोंगर पोखरणाऱ्या लोकांच्या हातात तेच शोभतं. कुऱ्हाड डोक्यात फिट्ट बसली ती टॉल्किनच्याच लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या गिमली या ड्वॉर्फमुळे, त्याची रणगर्जनाच मुळी ड्वॉर्फांच्या कुऱ्हाडींच्या नावाने आहे, मग पुढे गेमवाल्यांनी तेच उचललं.

नवीन ड्वॉर्फ परत दगडाकडे गेलाय. स्टोनकनिंग ही त्याची खास क्षमता वापरली की दगडावर उभं राहून १० मिनिटं ६० फुटांपर्यंत कोण हलतंय ते कळतं, अंधारात, भिंतीपलीकडे सुद्धा, गुहेत हे इतकं भारी वाटतं की काय सांगू! स्पीडही (एका पाळीत चालायचं अंतर) २५ वरून ३० फूट केलाय, म्हणजे सगळ्यांच्या मागे फरफटत जाणं संपलं.

आणि कुऱ्हाड हवीच असेल तर फायटर (लढवय्या) हा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, घ्या, त्याला आधीही सगळी शस्त्रं यायचीच, आता वेपन मास्टरीमुळे (प्रत्येक शस्त्राची खास करामत) बॅटलअ‍ॅक्सने शत्रूला आडवं पाडता येतं आणि ग्रेटअ‍ॅक्सने एकाला लागलं की शेजारच्यावरही वार करता येतो. क्लेरिकला (देवाचा पुजारी) बॅटलअ‍ॅक्स द्यायची तर त्या क्लासमधला प्रोटेक्टर हा पर्याय निवडा.

एक गोष्ट मात्र खटकली, जुन्या पुस्तकातले हिल आणि माउंटन असे ड्वॉर्फचे वेगळे प्रकार काढून टाकलेत. माउंटन ड्वॉर्फ विझार्डला चिलखत मिळायचं, ती मजा गेली. त्यासाठी एक स्टार कापते, ५ पैकी ४. ड्वॉर्फ आवडत असेल तर घ्याच.