नेमबाजी पाहायची, पण सुरुवात कुठल्या प्रकारापासून करायची?

1 ऑगस्ट 2024 ची दुपार. पॅरिस ऑलिंपिकमधल्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) अंतिम फेरीत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे होता. आमच्या घरी टीव्हीसमोर सहाजण बसले होते. त्यातल्या चौघांना पडद्यावर नक्की काय चाललंय ते सुरुवातीला कळत नव्हतं. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र एकही जण जागचा हलला नाही. स्वप्नीलला कांस्य मिळालं आणि खाशाबा जाधवांच्या 1952 च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकलं.

तेव्हापासून नात्यातले, शेजारचे, ऑफिसातले लोक मला विचारतात, "नेमबाजी बघायची तर कुठली बघू?" हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. ज्याने पहिल्यांदा चुकीचा प्रकार, चुकीची फेरी पाहिली, तो कंटाळून उठतो आणि परत या खेळाकडे फिरकत नाही. आपल्याकडे या खेळाला प्रेक्षक नाहीत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं. नेमबाजी हा एकच खेळ नाही. कसोटी आणि टी-ट्वेंटी यांत जेवढं अंतर आहे, त्याहून जास्त अंतर एअर रायफल आणि ट्रॅप, म्हणजे उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी, यांत आहे. म्हणून प्रकारांची एकमेकांशी तुलना करून सांगतो. खेळायला कुठला प्रकार चांगला हा प्रश्न इथे नाही, पाहायला कुठला चांगला एवढंच पाहू.

आधी पात्रता फेरी आणि अंतिम फेरी यांतला फरक. पात्रता फेरीत खेळाडू ओळीने उभे राहतात आणि प्रत्येकजण आपापल्या वेळेने गोळ्या झाडतो. 10 मीटरच्या प्रकारात 75 मिनिटांत 60 गोळ्या. कोण पुढे, कोण मागे हे गुणफलक पाहिल्याशिवाय समजत नाही. नवख्याने इथून सुरुवात करू नये. अंतिम फेरीत बहुतेक प्रकारांत आठजण उरतात, पात्रता फेरीतले गुण पुसले जातात आणि सगळे शून्यापासून सुरू करतात. मग ठरावीक टप्प्यांवर शेवटचा खेळाडू बाद होत जातो. टाळ्या, आरडाओरडा, संगीत, निवेदन हे सगळं अंतिम फेरीत चालतं. खेळाडूंना त्याचा सराव असतो.

10 मीटर : रायफल की पिस्तूल?

बहुतेकांची ओळख इथूनच होते. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. त्या ठिपक्याला निदान स्पर्श होईल असा मारायचा, आणि तोही इतका नेमका की 10.0 आणि 10.9 यांत फरक करता यावा. जगातले चांगले नेमबाज हे साठपैकी जवळपास प्रत्येक वेळी साधतात. खेळाचं वैभव तेच, आणि प्रेक्षकाची अडचणही तीच. जाड जॅकेट घातलेला, मूर्तीसारखा उभा माणूस दिसतो, हालचाल जवळजवळ नसते, आणि पडद्यावर 10.4, 10.6, 10.3 असे आकडे उमटत राहतात. डोळ्यांना पाहायला फार काही नसतं. आकडे वाचता आले तरच रंगत येते.

आकडे वाचणं मात्र अवघड नाही. अंतिम फेरीत 10.5 च्या वर गेलं की उत्तम. 10.1 आला की त्या खेळाडूकडे लक्ष ठेवायचं. नऊचा आकडा दिसला की समजायचं, काहीतरी मोठं बिघडलं. बीजिंगला 2008 मध्ये शेवटच्या गोळीआधी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हाकिनेन बरोबरीत होते. बिंद्राने 10.8 मारला, हाकिनेनचा 9.7 गेला. बिंद्राला सुवर्ण मिळालं आणि हाकिनेन थेट तिसरा. हे आकडे ज्याला कळतात त्याच्या अंगावर आजही काटा येतो.

पिस्तुलाचं तसं नाही. लक्ष्य मोठं, दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, पण शस्त्र एकाच हातात धरायचं. दुसरा हात खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात. जाड जॅकेट नाही, टेकू नाही. हात थरथरतो ते कॅमेऱ्यात दिसतं. पिस्तूल वर नेलं, नेम जमला नाही म्हणून पुन्हा खाली घेतलं, हेही दिसतं, आणि घड्याळ तर पुढे सरकतच असतं. नऊचे आकडे वरचेवर येतात, त्यामुळे क्रमवारी सतत खालीवर होते. मनू भाकरच्या पॅरिसमधल्या कांस्यपदकाची फेरी आठवा. ती 221.7 वर थांबली तेव्हा पुढे असलेली किम येजी फक्त 0.1 ने पुढे होती. रौप्यासाठी खेळण्याची संधी एवढ्याशा फरकाने गेली.

म्हणून दोन्हींतून एक निवडायचं तर नवख्याने पिस्तूल निवडावं. रायफल नंतर, डोळा तयार झाल्यावर. रायफलकडे पाठ मात्र फिरवू नका. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोला जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते याच प्रकारात. त्या वेळच्या नियमांप्रमाणे शेवटी दोघांची समोरासमोर लढत व्हायची, आणि त्याने पिछाडीवरून ती 17-13 अशी जिंकली.

दोन्ही प्रकार घरी पडद्यावर पाहणं बरं. रेंजवर प्रेक्षक नेमबाजांच्या मागे बसतात, त्यामुळे नेमबाजांच्या पाठी दिसतात आणि चेहरे दिसत नाहीत. या प्रकारात नाट्य चेहऱ्यावरच घडत असतं.

50 मीटर थ्री पोझिशन

कुणी मला एकच प्रकार निवडायला सांगितला तर मी हा सांगेन. स्वप्नीलमुळे सांगत नाही. या अंतिम फेरीची रचनाच गोष्टीसारखी आहे.

पॅरिसमध्ये जशी फेरी झाली ती सांगतो. आधी गुडघ्यावर बसून 15 गोळ्या, घोट्याखाली निलिंग रोल, म्हणजे छोटी गोल उशी, ठेवून. मग पालथं झोपून 15. मग उभं राहून 10, आणि तिथे तळाचे दोघे बाद. त्यानंतर एकेका गोळीला एकेकजण घरी, शेवटची पंचेचाळिसावी गोळी फक्त दोघांची. मधल्या काही मिनिटांत नेमबाज स्लिंग (रायफलला हाताशी बांधणारा पट्टा) सोडतात, रायफलचे भाग बदलतात आणि नव्या पोझिशनमध्ये बसतात. क्रिकेटमध्ये चेंडू जुना झाल्यावर सामना पालटतो तसं इथे पोझिशन बदलल्यावर होतं. झोपून सगळेच दहाच्या वर मारतात, अंतर फारसं पडत नाही. उभं राहिल्यावर खरी परीक्षा. आधार नाही, जड रायफल, आणि तोवर साचलेला थकवा.

स्वप्नील पात्रता फेरीत 590 गुणांसह सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावर सहावा, झोपून पाचवा, आणि उभ्याने तिसरा. 44 गोळ्यांत 451.4. जिंकणाऱ्या चीनच्या लिऊ युकुनने 45 गोळ्यांत 463.6 केले. म्हणजे एका गोळीमागे दोघांतला फरक अर्ध्या दशांशाच्याही आत. हळूहळू वर येणाऱ्या माणसामागे मन कसं ओढलं जातं हे मी त्या दिवशी घरात पाहिलं.

उलटा प्रवासही याच प्रकारात दिसतो. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स 2004 मध्ये अथेन्सला शेवटच्या गोळीआधी तीन गुणांनी पुढे होता. त्याने गोळी मारली ती शेजारच्या लेनच्या लक्ष्यावर. शून्य गुण, थेट आठवा. चार वर्षांनी बीजिंगला पुन्हा तो आघाडीवर होता, आणि शेवटचा शॉट 4.4 गेला. हा खेळ थंड असतो, त्यात भावना नसतात असं म्हणणाऱ्याला मी या दोन फेऱ्या पाहायला सांगतो.

याची वाईट बाजू म्हणजे लांबी. बराच वेळ बसावं लागतं, आणि पहिला अर्धा भाग संथ असतो. घाईत असलेल्याने शेवटची उभ्याची पोझिशन पाहावी.

25 मीटर पिस्तूल

ज्यांच्याकडे धीर कमी आहे, किंवा सोबत आठ-दहा वर्षांची मुलं आहेत, त्यांनी इकडे यावं. दशांशाची भानगड नाही. अंतिम फेरीत गोळी एक तर लागली किंवा हुकली. महिलांच्या प्रकारात 10.2 किंवा त्याहून चांगला शॉट म्हणजे एक गुण, त्याखाली शून्य. हात खाली ठेवून थांबायचं, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात वर नेऊन गोळी झाडायची. असं पाच वेळा. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये तर चार सेकंदांत पाच वेगवेगळ्या लक्ष्यांवर पाच गोळ्या. लंडनला 2012 मध्ये विजय कुमारने रौप्य मिळवलं ते या प्रकारात.

इथे बरोबरी झाली की शूट-ऑफ, म्हणजे निकाल लागेपर्यंत जादा गोळ्यांची लढत, होतो, आणि तो फुटबॉलच्या पेनल्टींइतकाच श्वास रोखायला लावतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला सुवर्ण जिंकलं तेव्हा ती आणि थायलंडची खेळाडू 34-34 वर होत्या. पहिला शूट-ऑफही बरोबरीत सुटला. दुसऱ्यात निकाल लागला. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. मनूचं पॅरिसमधलं तिसरं पदक याच प्रकारात हुकलं, तेही शूट-ऑफमध्ये. त्याच फेरीत सुवर्णही शूट-ऑफवर ठरलं, कोरिया आणि फ्रान्स यांच्यात. नेमबाजीच्या स्पर्धा पॅरिसपासून अडीचशे किलोमीटरहून दूर शातोरू इथे ठेवल्या होत्या. तरीही आपल्या खेळाडूसाठी फ्रेंच प्रेक्षकांनी हॉल दणाणून सोडला.

थ्री पोझिशनशी तुलना केली तर इथे वेग जास्त, खोली कमी. पण रेंजवर जाऊन पाहायला हा प्रकार चांगला, कारण लागलं की हुकलं हे फलकावर लगेच दिसतं.

ट्रॅप आणि स्कीट

हे दोन प्रकार शॉटगनचे, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीने उडत्या तबकड्या फोडायचे. ते घरी पाहू नका. शक्य असेल तर जाऊन पाहा. टीव्हीवर मातीची तबकडी म्हणजे एक पुसट रेघ. मैदानावर मात्र ती फुटताना डोळ्यांनी दिसते, आणि काडतुसाचा आवाज छातीत जाणवतो. कानांत बोळे हवेतच. नेम लागला की नाही हे सांगायला गुणफलकाची गरज नाही. अंतिम फेरीत तबकड्यांत रंगीत भुकटी भरलेली असते, त्यामुळे फुटली की हवेत रंगाचा ढग उठतो.

ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावलेली असते. खेळाडू आवाज देतो आणि तबकडी समोरून दूर पळते, पण कोणत्या कोनात ते त्याला ठाऊक नसतं. स्कीटमध्ये उलट. तबकडीचा मार्ग ठरलेला, एक उंच घरातून, एक बुटक्या घरातून. पण बंदूक कमरेपाशी ठेवायची, आणि आवाज दिल्यावर तबकडी लगेच सुटेल की तीन सेकंदांनी, ते कळत नाही. काही वेळा दोन्ही बाजूंनी दोन तबकड्या एकदम सुटतात. प्रेक्षकाला कुठे पाहायचं ते आधीच माहीत असतं, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी स्कीट सोपं. ट्रॅपची गंमत एक-दोन फेऱ्यांनंतर कळते.

पॅरिसमध्ये माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका स्कीटच्या मिश्र प्रकारात चीनकडून 43-44 असे हरले. एका तबकडीने कांस्य गेलं. आपल्या बातम्यांत त्याला जेमतेम जागा मिळाली, याचं मला आजही वाईट वाटतं. राज्यवर्धन सिंग राठोडच्या 2004 च्या डबल ट्रॅपमधल्या रौप्यापासून शॉटगनमध्ये आपण ऑलिंपिक पदकाची वाट पाहतो आहोत.

तोटा उघड आहे. ऊन, वारा, धूळ आणि अंतर. दिल्लीत तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर हे सगळे प्रकार एकाच आवारात पाहायला मिळतात. तिथे स्पर्धा असताना दिल्लीत असाल तर एक दिवस नक्की काढा.

मग जायचं की बसायचं?

10 मीटर आणि थ्री पोझिशन घरी, 25 मीटर कुठेही, शॉटगन मैदानावर. जागतिक संघटनेच्या यूट्यूब वाहिनीवर बऱ्याच अंतिम फेऱ्या पाहायला मिळतात, तिथून सुरुवात करा. प्रेक्षक नसण्याचा दोष खेळाचा नाही, हे जर्मनीतल्या क्लबांच्या बुंडेसलिगामध्ये दिसतं. तिथे एअर रायफलचे सामने क्रीडागृहांत होतात, पाच विरुद्ध पाच अशा लढती, आणि प्रेक्षक ढोल-घंटा वाजवत बसतात. आपल्याकडे ढोल आहेत, नेमबाजही आहेत.

एका गटाला मात्र मी वेगळं सांगतो. ज्यांचं मूल रायफल हातात घ्यायचं म्हणतंय, त्या आईवडिलांनी पात्रता फेरीच पाहावी, आणि तीही प्रत्यक्ष जाऊन. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात किंवा मुंबईत वरळीच्या रेंजवर स्पर्धा असेल तेव्हा जा. मोबाइल बंद, फ्लॅश नको, खुर्ची सरकवताना आवाज नको. एकच खेळाडू निवडा आणि साठ गोळ्या तिच्याकडेच पाहा. सातव्या-आठव्या गोळीला ती रायफल खाली ठेवेल, श्वास घेईल, पाणी पिईल. मध्येच एक वाईट शॉट जाईल आणि पुढची गोळी झाडायला ती दुप्पट वेळ घेईल. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्यूनिकला 600 पैकी 597 गुण करून जागतिक विजेतेपद मिळवलं, ते 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, आणि महिलांच्या त्या प्रकारात अंतिम फेरीच नव्हती. सगळं त्या साठ गोळ्यांतच घडलं.